एनेस्कुच्या व्हायोलिन सोनाटा : तिसरीत रोमँटिकपणा संपला की मुरला?

तारसप्तक

नमस्कार मंडळी,

मी ११ वर्षं व्हायोलिन शिकतेय. आपलं, मांडी घालून, गायकी अंगाचं. पाश्चात्त्य संगीत हौसेपुरतं ऐकते. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने जॉर्ज एनेस्कु या रुमानियन संगीतकाराच्या व्हायोलिन-पियानो सोनाटांचं (सोनाटा म्हणजे काही भागांत बांधलेली वादनरचना) जुनं ध्वनिमुद्रण पाठवलं. १९४३ सालचं, बुखारेस्टमधलं. व्हायोलिनवर स्वतः एनेस्कु आणि पियानोवर त्याचा मानसपुत्र म्हणावा असा दिनू लिपाटी. रात्री झोपताना सहज लावलं आणि पहिल्या मिनिटात उठून बसले. व्हायोलिन सुरावर येत नव्हतं, सुराला चाचपत होतं. खालून वर, परत खाली, मध्येच एक कण. रियाजाला बसल्यावर गुरुजी "सूर शोध, घाई नको" म्हणायचे, ते आठवलं.

ही तिसरी सोनाटा, १९२६ ची. नावातच "रुमानियन लोकस्वभावाची" असं आहे. मग दुसरी ऐकली, १८९९ ची. ती लिहिली तेव्हा हा मुलगा १७ वर्षांचा होता. तीही अफाट आहे, पण तिच्यात फ्रांक आणि फोरे हे फ्रान्समधले संगीतकार सरळ ऐकू येतात. लांबलचक वाक्यं, दाटून येणारा पियानो, एकच धून सगळ्या भागांत फिरून फिरून भेटणं.

बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं की पहिल्या दोन सोनाटा रोमँटिक (म्हणजे १९ व्या शतकातल्या युरोपीय भावप्रधान शैलीतल्या) आणि तिसरी रुमानियन, म्हणजे तिसरीपर्यंत त्याने रोमँटिकपणा झटकून टाकला. मला हे पटत नाही. तिसरीत तो गेलेला नाही, मुरलाय असं वाटतं. पण मला ते नीट दाखवता येत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

---

झुळूक

वाचतेय. लिंक असेल तर द्या ना ताई.

---

पियानोवाला_ठाणे

छान धागा. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

एनेस्कुचा जन्म १८८१ चा, मोल्दोव्हा प्रांतातल्या लिवेन गावचा. सातव्या वर्षी थेट व्हिएन्नाच्या संगीतशाळेत. तिथे धाकट्या हेल्मेसबर्गरकडे व्हायोलिन आणि रॉबर्ट फुक्सकडे रचना. थोर जर्मन संगीतकार ब्राम्स तेव्हा हयात होते, हेल्मेसबर्गरांच्या घरी येत-जात होते आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात बसून या मुलाने खुद्द ब्राम्सच्या देखत त्यांची पहिली सिम्फनी वाजवली आहे. नंतर १८९५ पासून पॅरिस. तिथे गुरू मासने, फोरे आणि काउंटरपॉइंटसाठी (एकाच वेळी अनेक धुना गुंफण्याच्या शास्त्रासाठी) जेदाल्ज.

म्हणजे रोमँटिक परंपरा त्याने पुस्तकातून घेतलेली नाही. तो त्या घरात वाढलाय. १८९७ ची पहिली सोनाटा ऐकलीत तर ब्राम्स-शुमानचा अभ्यास किती पक्का झालाय ते कळतं. नेटकी आणि कसदार आहे, पण तिच्यात एनेस्कु अजून पाहुणा आहे. दुसरीपासून तो घरचा होतो. तो स्वतःही नंतर म्हणायचा की याच सुमारास मी मला सापडायला लागलो.

दुसरीची सुरुवात मुद्दाम ऐका. व्हायोलिन आणि पियानो एकच धून एकदम, अगदी हळू आवाजात वाजवतात. खाली स्वरमेळ नाही, आधार नाही. ही धून त्याला १४ व्या वर्षी एका बागेत एकट्याने फिरताना सुचली होती. तीन वर्षं त्याने ती मनात बाळगली आणि मग पंधरा दिवसांत सोनाटा लिहून काढली.

---

शंकेखोर

मूळ प्रश्नच चुकीचा मांडलाय असं माझं मत. लोकसंगीताकडे वळणं हीच मुळात रोमँटिक कल्पना आहे! लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडी, ब्राम्सची हंगेरियन नृत्यं, द्वोर्झाक, ग्रीग. १९ व्या शतकात प्रत्येक देशाला आपापला आत्मा खेड्यात सापडत होता. एनेस्कुनेही १९०१ मध्ये दोन रुमानियन ऱ्हॅप्सडी लिहून तेच केलं. त्यामुळे "रोमँटिक की रुमानियन" हा झगडाच खोटा आहे.

---

पियानोवाला_ठाणे

@शंकेखोर, ऱ्हॅप्सडींपुरतं मान्य. त्यांत खरीखुरी गाणी आहेत, उचलून वाद्यवृंदात बसवलेली. पण तिसऱ्या सोनाटात एकही खरी लोकधून नाही. सगळं एनेस्कुचं स्वतःचं आहे. म्हणून तर त्याने "शैली" हा शब्द टाळून "स्वभाव" हा शब्द घेतला. शैली अंगावर चढवता येते, स्वभाव जन्माबरोबर येतो, असं त्याचं म्हणणं होतं. ब्राम्सने धून घेतली आणि तिला आपला कोट घातला. एनेस्कुने धून घेतलीच नाही. त्याने वाजवण्याची रीत घेतली.

---

मडगांवकर

रीत घेतली म्हणजे काय ते मी सांगतो, कारण मी ती पानं वाजवली आहेत. आमच्याकडे गोव्यात चर्चच्या शाळेतून सोल्फा (दो-रे-मी स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकायची जुनी पद्धत. माझे आजोबा तसेच शिकले, मीही. नोटेशन वाचण्यात कधी अडलो नव्हतो. तिसऱ्या सोनाटाचं पहिलं पान समोर आलं आणि तीन आठवडे त्याच पानावर बसलो होतो.

कागदावर काय काय लिहिलंय बघा. बोट कुठून घसरत न्यायचं, कंप कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही, गज तारेवर किती टेकवायचा, ही टीप पाव स्वराने चढवा, ती उतरवा. एकेका टिपेच्या डोक्यावर दोन-दोन खुणा. हे सगळं गावच्या लग्नात वाजवणारा माणूस न विचार करता करतो. एनेस्कुने ते न करता येणाऱ्यासाठी लिहून ठेवलं. आणि गंमत अशी की सगळं तंतोतंत पाळलं की शेवटी ते सहज सुचल्यासारखं वाजतं. एकही खूण सोडली की लगेच खोटं वाटतं. मी एक खूण आळसाने सोडली होती, तर आमचे सर शेजारच्या खोलीतून ओरडले.

---

अनुस्वार

शेजारच्या खोलीतून ओरडणारे सर ही जागतिक परंपरा दिसतेय :)

---

तारसप्तक

@मडगांवकर, किती छान सांगितलंत! म्हणजे आपल्याकडे जे तोंडी दिलं जातं ते त्याने कागदावर उतरवलं. मला तर ती सुरुवात सरळ आलापासारखी वाटते. तालाचं बंधन नाही, एकेका सुरावर रेंगाळणं. आणि त्यात कोमल गंधार आणि तीव्र मध्यम ऐकू येतात, त्यामुळे कान मधुवंतीकडे ओढला जातो.

---

निमकाका

पोरी, कान चांगला आहे तुझा. पण मधुवंतीत निषाद शुद्ध. रुमानियाकडची ती जी लाडकी स्वरपंक्ती आहे तिच्यात कोमल गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि निषाद कोमल. आपल्याकडे दक्षिणेत हेमवती राग म्हणतात त्याचेच स्वर. गंधार आणि मध्यम यांच्यामधली ती लांब उडी कानाला टोचते आणि गोडही लागते.

बिनतालाच्या गाण्याला तिकडे डोइना म्हणतात. मेंढपाळाचं, विरहाचं, आठवणीचं गाणं. त्यांच्याकडे "दोर" असा एक शब्द आहे, आपल्या हुरहुरीच्या अगदी जवळचा. डोइना म्हणजे या दोरचं गाणं.

---

शंकेखोर

काका, स्वर जुळले म्हणून राग होत नाही. आता इथे कोणीतरी येऊन लिहील की तिकडचे वादक रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत), रोमा लोक मूळचे भारतातले, म्हणजे हे आपलंच संगीत. आधीच सांगतो: रोमा भाषेचं मूळ भारताकडे जातं हे भाषेपुरतं पक्कं आहे. संगीताचा प्रवास वेगळा. मोल्दोव्हा आणि वलाकिया (ज्यांचा पुढे रुमानिया झाला) शतकानुशतकं तुर्कांच्या वर्चस्वाखाली होते, १८७७ ला स्वातंत्र्य जाहीर झालं. ते लांब अंतराचे स्वर तुर्की मकामातून (तिकडच्या रागपद्धतीतून) आले असण्याची वाट जास्त सरळ आहे.

---

बुखारेस्टकर

शंकेखोरांशी सहमत, आणि त्यात एक भर. मी कामानिमित्त चार वर्षं इथे आहे. त्या वादकांना इथे लाउतारी म्हणतात. बहुतेक रोमा. यांचे पूर्वज मठांचे आणि जमीनदारांचे गुलाम होते. मोल्दोव्हात १८५५ ला आणि वलाकियात १८५६ ला गुलामी संपली. एनेस्कुचा जन्म त्यानंतर अवघ्या पंचवीस-सव्वीस वर्षांनी. म्हणजे लहानपणी त्याने ज्यांना ऐकलं त्यांतले म्हातारे गुलाम म्हणून जन्मलेले असणार. त्याला पहिले धडे दिले तेही अशाच एका लाउताराने, निकोलाए किओरु नावाच्या. हे आपलं की त्यांचं यापेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते.

एक छोटी गोष्ट. इथल्या ५ लेईच्या नोटेवर एनेस्कु आहे आणि मागच्या बाजूला बुखारेस्टचं अथेनेउम सभागृह. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्या आजींनी मला सुट्टे म्हणून ती नोट दिली, तेव्हा मी विचारलं हे कोण. आजींनी पिशवी खाली ठेवली, डावा हात खांद्याशी नेला आणि हवेत गज ओढून दाखवला. भाषा येत नव्हती तरी समजलं. नंतर कालेआ विक्टोरिएइ रस्त्यावरच्या कांताकुझिनो राजवाड्यातलं त्याचं संग्रहालय पाहिलं. पुढे एवढा मोठा राजवाडा, आणि एनेस्कु राहायचा तो मागच्या लहानशा घरात.

---

झुळूक

भाजीवाल्या आजी _/\_

---

निमकाका

अवांतर होतंय, पण आता राहवत नाही. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन हा एनेस्कुचा शिष्य. तो १९५२ साली नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात आला, दुष्काळनिधीसाठी कार्यक्रम केले, मुंबईतही वाजवलं. आमच्या वडिलांना तिकीट परवडलं नाही. सभागृहाबाहेर उभे राहून काही ऐकू येतंय का बघून आले, एवढंच सांगायचे. पण ते सांगताना डोळे चमकायचे त्यांचे.

मेन्युहिनने सांगितलेली एक आठवण आहे. त्याचा धडा चालू असताना फ्रेंच संगीतकार राव्हेल स्वतःच्या नव्या सोनाटाची हस्तलिखित प्रत घेऊन आत आले. एनेस्कुने ती समोर ठेवून राव्हेलबरोबर एकदा वाजवली, मध्ये थांबून थांबून समजून घेतली. मग म्हणाला, आता पुन्हा एकदा. आणि प्रत मिटून पूर्ण सोनाटा पाठ वाजवली. १९२७ मध्ये त्या सोनाटाचा पहिला जाहीर कार्यक्रमही या दोघांनीच केला.

---

अनुस्वार

काका, आणि आम्हाला तीन मिनिटांची बंदिश पाठ व्हायला महिना लागतो.

---

पियानोवाला_ठाणे

परत मुद्द्यावर. पियानोबद्दल कोणीच बोलत नाहीये, मग मलाच बोललं पाहिजे :)

तिसऱ्या सोनाटातला पियानो म्हणजे पियानो नाहीच. तो कधी त्सांबाल होतो, म्हणजे लाउतारींच्या ताफ्यातलं ते काड्यांनी वाजवायचं तारवाद्य, आपल्या संतूरच्या नात्यातलं. कधी कोब्झा होतो, म्हणजे तिकडचं छेडायचं तारवाद्य, झणत्कार देणारा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पियानोवर एकच सूर परत परत टिपटिपत राहतो, रात्री शेतात किडे-बेडूक बोलतात तसा, आणि त्यावर व्हायोलिन तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या काचेसारख्या स्वरांत गातं. एनेस्कुच्या मनात तिथे उन्हाळ्याच्या रात्रीचं मोकळं माळरान होतं.

आता अडचण अशी की पियानोला मींड काढता येत नाही. व्हायोलिन घसरतंय, पियानो पायरीवर उभा. मग एनेस्कुने काय केलं? पियानोला तीच धून दिली, पण वेगळ्या कणस्वरांनी, जरा मागेपुढे. दोघं एकच गाणं गातात, पण एकत्र गात नाहीत. बहुतेक वेळा थरावर थर चढणारा स्वरमेळ नाहीच, एका धुनीच्याच दोन सावल्या.

---

तारसप्तक

अहो, हे तर आपल्या साथीसारखं झालं! गायकाने जागा घेतली की सारंगीवाला किंवा पेटीवाला मागोमाग तीच जागा आपल्या हाताने घेतो. पुढे नाही जायचं, मागेही फार नाही राहायचं. माझ्या मैफलीत मी जे शिकतेय तेच हे.

---

पियानोवाला_ठाणे

अगदी तेच. आणि तुमच्या मूळ प्रश्नाची किल्ली इथे आहे असं मला वाटतं. दुसऱ्या सोनाटाची सुरुवात आठवा, दोघं एकच धून एकदम वाजवतात. तिथे दोघं अगदी जोडून चालतात. २७ वर्षांनी तिसरीत तेच दोघे तीच गोष्ट करतात, फक्त आता एकमेकांपासून वीतभर सुटले आहेत. १८९९ मध्ये त्याला जे सुचलं होतं त्याचं उत्तर त्याला लाउतारींकडे मिळालं.

---

शंकेखोर

हं. हे पटलं. माझं आधीचं वाक्य अर्धवट होतं. लोकसंगीताची ओढ रोमँटिक खरी, पण रोमँटिकांनी ते बाहेरून पाहिलं. मेंढपाळ दूर डोंगरावर आणि संगीतकार खिडकीत. तिसरीत संगीतकार खिडकीत बसलेला नाही.

तरी एक प्रश्न राहतो. हंगेरियन संगीतकार बार्टोकपेक्षा हा वेगळा कसा? बार्टोकही १८८१ चाच आणि त्याचं जन्मगाव आज रुमानियातच आहे.

---

मडगांवकर

बार्टोक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गावोगाव फिरला, हजारो रुमानियन गाणी उतरवली, वर्गवारी केली. शास्त्रज्ञाचा कान. त्याच्या १९२१-२२ च्या दोन सोनाटा वाजवताना हाताला धार जाणवते. एनेस्कु आठवणीवर जगला. बालपणी ऐकलेलं पॅरिसमध्ये बसून आठवायचा. दोघांनी १९२४ मध्ये बुखारेस्टला बार्टोकची दुसरी सोनाटा एकत्र वाजवली आहे, पियानोवर बार्टोक, व्हायोलिनवर एनेस्कु. तिथे हजर असायला मी काहीही दिलं असतं.

आणि आठवणीवर जगणं, दूर राहून गावाकडे पाहणं हे रोमँटिक नाही तर काय? शंकेखोर म्हणतात तो खिडकीतून उठला. मला वाटतं त्याने खिडकीच गावात नेऊन बसवली.

---

बुखारेस्टकर

मडगांवकर, वा. एका गोष्टीची जोड देतो. तिसरी सोनाटा फ्रान्झ क्नाइझेलच्या स्मृतीला अर्पण केली आहे. क्नाइझेल बुखारेस्टमध्ये जन्मला, अमेरिकेला गेला, बोस्टनला मोठा वादक झाला, चार तंतुवादकांची स्वतःची चौकडी चालवली आणि १९२६ मध्ये वारला. सोनाटा त्याच वर्षीची. १९४० मध्ये एनेस्कुने व्हायोलिन-पियानोसाठीच बालपणीच्या आठवणींची एक चित्रमाला लिहिली. तिची सुरुवात गावच्या वादकाने होते, एकट्या व्हायोलिनवर, आणि ती अर्पण केली रुमानियातल्या याश शहरातल्या आपल्या गुरूला, एदुआर्द काउदेल्लाला. स्वतः एनेस्कु १९५५ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

---

झुळूक

दुसरी सोनाटा पण ऐकली आत्ता. मधल्या संथ भागात मला काकांनी सांगितलेला डोइना ऐकू आला! मग तिसरीची सुरुवात १८९९ लाच झाली म्हणायची का?

---

पियानोवाला_ठाणे

बरोब्बर ऐकलंत. तिथे तो डोइना रोमँटिक पोशाखात उभा आहे, खाली फ्रेंच स्वरमेळ नीट इस्त्री केलेला. पण माणूस तोच.

आणि नुसता एनेस्कु ऐकून थांबू नका. लिपाटीने १६ व्या वर्षी लिहिलेली व्हायोलिन-पियानो सोनाटिना आहे, १९३३ ची. पुढच्या पिढीला तिसरी सोनाटा किती लागली होती ते तिथे कळतं. लिपाटी ३३ व्या वर्षी गेला, १९५० मध्ये. त्याचा विचार आला की मी वादन बंद करून थोडा वेळ नुसता बसतो.

---

निमकाका

पोरी, तुझ्या प्रश्नाचं काय झालं? आम्ही सगळे बोलत सुटलो, तू गप्प.

---

तारसप्तक

काका, गप्प नव्हते, दोन रात्री ऐकत होते. तुम्हा सगळ्यांचं वाचून पुन्हा पहिल्यापासून तिसरी लावली. या वेळी नुसते सूर न धरता धागे धरायचे ठरवलं. पहिल्या भागातलं ते खाली उतरणारं तुकड्याएवढं वाक्य वहीत आपल्या स्वरलिपीत उतरवलं आणि मग पुढे ते कुठे कुठे दिसतं ते पेन्सिलने टिपत गेले. दुसऱ्या भागात ते रात्रीच्या काळोखात सावकाश होऊन येतं, तिसऱ्यात नाचात पाय आपटत येतं. ओळखू येईल न येईल असं, पण येतं. पंधरा ठिकाणी टिपलं आणि मग मोजणं सोडलं. गावच्या वादकाला हे करायची गरज नसते, त्याचं गाणं संपलं की संपलं. एकच बीज घेऊन तीन भाग उगवणं फ्रांककडून आलंय, आणि बोटं गावच्या वादकाची आहेत. मला नीट सांगता येत नव्हतं ते हे.

शेवटच्या दोन मिनिटांत तर लिपाटी पियानो जवळजवळ फोडतो आणि एनेस्कु त्यावरून ओरडत जातो. साठी उलटलेला माणूस आहे हो तो त्या ध्वनिमुद्रणात.

---

मडगांवकर

ताई, ती पेन्सिलची वही स्कॅन करून टाका. मी माझ्या नोटेशनशी जुळवून बघतो. पुढच्या महिन्यात एका मित्राबरोबर पहिला भाग पुन्हा बसवायला घेणार आहे.

---

तारसप्तक

उद्या टाकते. अक्षर लागत नसेल तर विचारा. तिसऱ्या पानावर चहा सांडलाय, तिथला गंधार कोमल आहे.